विद्यापीठांचे आराखडे आणि प्रकल्पांची शिस्त

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत आराखड्यांचा तुटवडा नाही. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने पाच वर्षांचा बृहत् आराखडा सक्तीचा केला आहे. उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सात निकषांपैकी सहावा निकष कारभार व नेतृत्वाचा आहे. त्यात धोरण आखून ते राबवल्याचा पुरावा मागतात, म्हणून नॅकसाठी एक आराखडा तयार असतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक संस्थेकडून संस्थात्मक विकास आराखड्याची अपेक्षा केली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. रुसा आणि आता पीएम-उषा या केंद्राच्या योजनांतून निधी मागायचा तर प्रस्तावासोबत आणखी एक आराखडा जोडावा लागतो. यातला प्रत्येक कागद वेगळ्या समितीने, वेगळ्या साली, वेगळ्या वाचकासाठी लिहिलेला असतो. एकाच विद्यापीठातल्या या चार आराखड्यांची एकमेकांशी ओळखही नसते.

या कागदांपासून प्रत्यक्ष कामापर्यंत पोचायचे कसे, या प्रश्नावर गेली काही दशके एक उत्तर पुढे येते आहे. धोरणाचे प्रकल्पांत तुकडे पाडा, प्रत्येक प्रकल्पाला मालक, मुदत, खर्च आणि शेवट ठरवून द्या आणि सगळ्यांवर एका जागेवरून नजर ठेवा, असे ते उत्तर. ते कुठून आले, त्याला कोणाचा पाठिंबा आहे, कोणाचा आक्षेप आहे आणि आपल्याकडच्या अनुभवातून काय हाती लागते, याचा हा आढावा.

दोन वेगळे उगम

प्रकल्प व्यवस्थापन हे कारखाने, बांधकाम आणि संरक्षण खाते यांचे अपत्य. हेन्री गँट यांचे वेळापत्रकाचे तक्ते १९१०च्या दशकातले. १९५७ मध्ये ड्यूपाँट कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत आकाराला आली आणि १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’. १९६९ मध्ये प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि या कामाला स्वतंत्र व्यवसायाचे रूप येऊ लागले. या सगळ्यात विद्यापीठे कुठेच नव्हती.

धोरणात्मक व्यवस्थापन विद्यापीठांत शिरले ते १९८०च्या दशकात, पैशाची चणचण भासू लागल्यावर. अमेरिकेत जॉर्ज केलर यांचे ‘अकॅडेमिक स्ट्रॅटेजी’ १९८३ मध्ये आले. ब्रिटनमध्ये १९८५च्या जॅरट अहवालाने कुलगुरूने मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासारखे काम करावे आणि विद्यापीठांनी दूरगामी नियोजन करावे, असे सुचवले. तिथल्या प्राध्यापकांना हा अहवाल आजही खुपतो. पुढे जाडजूड योजना निघाल्या आणि बहुतेक कपाटात गेल्या. १९९४ मध्ये हेन्री मिंट्झबर्ग यांनी ‘द राइज अँड फॉल ऑफ स्ट्रॅटेजिक प्लॅनिंग’मध्ये सांगितले की नियोजन करणे आणि धोरण सुचणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. त्यांचा रोख कंपन्यांवर होता, पण विद्यापीठांनाही तो झोंबण्यासारखा होता. कपाटातल्या योजना बाहेर काढण्याचा उपाय म्हणून पहिल्या प्रवाहातली प्रकल्पांची शिस्त विद्यापीठांपर्यंत आली.

आपल्याकडची वाट

भारतात विद्यापीठाची योजना दीर्घकाळ पंचवार्षिक योजनेला बांधलेली होती. विद्यापीठ अनुदान आयोग विकास अनुदानाचे शीर्ष ठरवून देई आणि विद्यापीठ त्या शीर्षांत बसेल अशी इमारती, उपकरणे व पुस्तकांची यादी करी. या यादीलाच योजना म्हटले जाई. ३१ मार्च २०१७ रोजी बारावी पंचवार्षिक योजना संपली आणि त्या पद्धतीचा आधारही गेला. त्याआधी, २०१३ मध्ये, रुसा आली होती. बहुतेक राज्यांसाठी केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६० व ४० टक्के, आणि निधीसाठी राज्याने उच्च शिक्षण परिषद व राज्य आराखडा तयार करण्याची अट. २०२३ मध्ये तिची जागा घेणाऱ्या पीएम-उषाला तीन वर्षांसाठी सुमारे १२,९२६ कोटी रुपयांची तरतूद मिळाली.

प्रकल्पांची खरी तालीम मात्र तंत्रशिक्षणात झाली. जागतिक बँकेच्या साहाय्याने २००२-०३ मध्ये सुरू झालेला ‘टेकिप’ हा तंत्रशिक्षणाच्या दर्जासुधारणेचा कार्यक्रम तीन टप्प्यांत २०२१ पर्यंत चालला. त्यात निधी मागेल त्याला मिळत नव्हता. महाविद्यालयाला प्रस्ताव लिहून स्पर्धेत उतरावे लागे, समन्वयक नेमावा लागे, खरेदीचे वेळापत्रक द्यावे लागे आणि ठरलेले टप्पे गाठल्याचा हिशेब मांडावा लागे. सर्वांत मोठी अट स्वायत्ततेची होती. पुण्याच्या सीओईपी आणि मुंबईच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी महाविद्यालयांना २००३-०४च्या सुमारास जी स्वायत्तता मिळाली तिच्यामागे हा रेटा होता. सीओईपीच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपद पुढे टीसीएसचे फकीरचंद कोहली यांच्याकडे होते. शासकीय महाविद्यालयाच्या कारभारात उद्योगातला असा माणूस मध्यभागी बसणे ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. २०२२ मध्ये सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ झाले.

त्याच टेकिपचा तिसरा टप्पा वेगळी गोष्ट सांगतो. आर्थिकदृष्ट्या मागे असलेल्या राज्यांतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आयआयटी-एनआयटीतून शिकलेले हजारावर तरुण शिक्षक करारावर पाठवले गेले. रिकाम्या पडलेल्या विभागांत शिकवणे सुरू झाले. चांगले काम करणाऱ्यांना राज्ये पुढे सामावून घेतील अशी अपेक्षा होती. सप्टेंबर २०२१ मध्ये प्रकल्प संपला आणि त्यांच्यातल्या अनेकांचा करारही संपला. शिक्षक आंदोलनाला बसले. काही ठिकाणी सोय झाली, बऱ्याच ठिकाणी झाली नाही. पहिल्या टप्प्यात प्रकल्पाने संस्थेची रचनाच बदलली, म्हणून प्रकल्प गेल्यावरही बदल टिकला. तिसऱ्या टप्प्यात त्याने माणसे आणली आणि प्रकल्पाबरोबर तीही गेली. या वादातल्या दोन्ही बाजू टेकिपचा दाखला देतात, आणि दोघींनाही तो देता येतो.

समर्थकांची बाजू

समर्थक धोरणाच्या भाषेपासून सुरुवात करतात. ‘संशोधनाचा दर्जा उंचावणे’ हे वाक्य कुठल्याही आराखड्यात सापडते आणि त्याला कोणी नाही म्हणत नाही. ते नेमके कोणी, केव्हापर्यंत आणि कशाच्या बदल्यात करायचे हे लिहायला घेतले की खरे मतभेद वर येतात. प्रकल्पांची यादी केली की पैसे आणि माणसे किती कामांना पुरतील हे दिसते. बाकीच्या कामांना या वर्षी नाही म्हणावे लागते. आपल्या विद्यापीठांत कामे सुरू करण्याची उत्तम सोय आहे, पण न झेपणारे काम थांबवण्याचा ठराव व्यवस्थापन परिषदेत क्वचितच येतो, हे त्यांचे निरीक्षण मला बरोबर वाटते.

दुसरा मुद्दा परस्परावलंबनाचा. मध्यवर्ती उपकरण प्रयोगशाळा उभारायची असे समजा. इमारत अभियांत्रिकी विभागाकडे, यंत्राची निविदा खरेदी कक्षाकडे, वाढीव वीजभाराचा अर्ज वीज कंपनीकडे, तंत्रज्ञाच्या पदाची मान्यता मंत्रालयात. चौघेही आपापल्या परीने चोख काम करतात. निधी ३१ मार्चपूर्वी खर्च करून उपयोजिता प्रमाणपत्र द्यायचे असते, म्हणून यंत्र मार्चमध्ये येते. खोलीत वातानुकूलन नसते, थ्री-फेजची जोडणी नसते, चालवायला माणूस नसतो. यंत्र वेष्टनात राहते. वॉरंटीची मुदत पुरवठ्याच्या तारखेपासून धरलेली असेल तर ती वेष्टनातच संपते आणि वार्षिक देखभाल कराराची फाइल यंत्र चालण्याआधी फिरू लागते. अशा ठिकाणी चुकार माणूस शोधून सापडत नाही. चारही धागे हातात धरणारे कोणी नसते, एवढेच. प्रकल्प प्रमुखाचे पद याचसाठी असते.

तिसरा मुद्दा सातत्याचा. महाराष्ट्रात कुलगुरूंची मुदत पाच वर्षे आहे आणि त्याच विद्यापीठात फेरनियुक्ती नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे १९६२ मधले पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार दशकाहून अधिक काळ त्या पदावर होते. माळरानापासून विद्यापीठापर्यंतची आखणी तेव्हा एका माणसाच्या डोक्यात राहू शकत होती. आता ते शक्य नाही आणि कदाचित इष्टही नाही. चालू कामे, त्यांची स्थिती आणि अडथळे यांची नोंद संस्थेच्या हाती असेल, तर नव्या कुलगुरूंचे पहिले वर्ष जुने काय चालले होते हे समजून घेण्यात जाणार नाही.

शंका घेणारे

विरोधी बाजूला दुर्लक्षाने टाळता येणार नाही इतकी भक्कम परंपरा आहे. १९७२ मध्ये कोहेन, मार्च आणि ओल्सन यांनी विद्यापीठाला ‘संघटित अराजक’ म्हटले. तिथे उद्दिष्टे धूसर असतात, कोणती पद्धत कशामुळे लागू पडते हे नीट ठाऊक नसते, आणि निर्णयाच्या वेळी हजर कोण असेल हे सांगता येत नाही. कार्ल वाइक यांनी १९७६ मध्ये शैक्षणिक संस्थांच्या सैल जोडणीबद्दल लिहिले. संस्कृत विभागात काय चालले आहे याने रसायनशास्त्र विभागाला फरक पडत नाही. त्यांच्या मते यात तोट्याइतकाच फायदा आहे, कारण एका ठिकाणची चूक सगळीकडे पसरत नाही. असे घर प्रकल्पांच्या जाळ्यात घट्ट बांधले तर ही सुरक्षितता जाते. मिंट्झबर्ग यांनीही १९७९ मध्ये दाखवले होते की विद्यापीठात खरे काम तज्ज्ञांच्या हाती असते आणि ते वरून आखून देता येत नाही.

रॉबर्ट बर्नबॉम यांनी २००० मध्ये व्यवस्थापनातल्या टूमांचा इतिहास लिहिला. शून्याधारित अंदाजपत्रक, उद्दिष्टनिष्ठ व्यवस्थापन, सर्वंकष गुणवत्ता व्यवस्थापन या लाटा उद्योगात ओसरू लागल्यावर विद्यापीठांत पोचल्या, असा त्यांचा निष्कर्ष. प्रकल्प व्यवस्थापनही त्याच रांगेतले नाही कशावरून, हा प्रश्न रास्त आहे.

आपल्याकडची शंका याहून साधी आहे आणि ती प्राध्यापकांच्या खोलीत ऐकू येते. पदे रिक्त आहेत, निम्मे शिकवणे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या जिवावर चालते. अशा विभागात समन्वयक म्हणून कोणाचे नाव जाणार? सर्वांत तरुण आणि नाही म्हणू न शकणाऱ्या शिक्षकाचे. नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालासाठी पाच वर्षांची आकडेवारी जमवताना हाच माणूस रात्री जागलेला असतो. उद्या धोरणाच्या नावाखाली मासिक प्रगती अहवाल सुरू झाले तर तेही त्याच्याच टेबलावर येतील. शिवाय मोजता येणारे काम पुढे सरकते आणि न मोजता येणारे मागे पडते. हस्तलिखितांची सूची करणारा अभ्यासक बारा वर्षे घेतो, त्याला तिमाही टप्पे कसे लावणार?

मला यात एक विसंगती मात्र दिसते. प्रत्येक विद्यापीठात प्रकल्प चालवण्याचा अनुभव असलेले लोक आधीच आहेत, ते म्हणजे संशोधन प्रकल्पांचे प्रमुख. मंजूर रक्कम, फेलोची नेमणूक, उपकरण, मुदतवाढीचा अर्ज, अंतिम अहवाल, लेखापरीक्षण हे सगळे त्यांनी केलेले असते. प्राध्यापकांना ही शिस्तच नको आहे असे म्हणणे म्हणूनच पटत नाही. विषय आपण निवडला असेल तर ते ती पाळतात. प्रशासन प्रकल्पांवर बाहेरून सल्लागार आणते तेव्हा या लोकांना क्वचितच विचारले जाते.

केंब्रिज आणि मुंबई

दोन अपयशांतून हा वाद जितका उलगडतो तितका सिद्धांतांतून उलगडत नाही.

केंब्रिज विद्यापीठाने ऑगस्ट २००० मध्ये ‘कॅप्सा’ ही नवी संगणकीय हिशेबप्रणाली सुरू केली. विभागांना आपल्या खात्यात किती पैसे आहेत ते दिसेना आणि पुरवठादारांची देणी अडकली. विद्यापीठाने दोन स्वतंत्र चौकशा नेमल्या, आणि २००१ मधले ते दोन अहवाल या विषयाच्या अभ्यासकाने शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. संगणकशास्त्रज्ञ अँथनी फिंकेल्स्टाइन यांनी प्रकल्प कसा चालवला ते तपासले आणि गरजांची नीट नोंद, चाचणी, प्रशिक्षण, प्रकल्प प्रमुखाचा अधिकार या सगळ्यांत उणिवा दाखवल्या. विद्यापीठ कारभाराचे अभ्यासक मायकेल शॅटॉक यांनी त्याहून खोल बोट ठेवले. परिषद, सर्वसाधारण मंडळ आणि वित्त समिती यांच्यात जबाबदारी अशी वाटली गेली होती की शेवटी ती कोणाचीच उरली नव्हती. पुढे कारभार सुधारण्याचे प्रस्ताव आले तेव्हा त्यांतल्या काहींना तिथल्या प्राध्यापकांच्या सभेने नकार दिला. एका हातात अधिकार देण्यापेक्षा सैल कारभार परवडला, असे म्हणण्याचा हक्क ती सभा राखून आहे.

मुंबई विद्यापीठाने २०१७च्या उन्हाळी परीक्षेसाठी ऑनस्क्रीन मूल्यांकनाचा निर्णय घेतला. उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, परीक्षकाने केंद्रीय मूल्यांकन (कॅप) केंद्रात संगणकावर तपासायच्या. कल्पना वाईट नव्हती. गठ्ठे हरवण्याला आणि बेरजेच्या चुकांना त्यातून आळा बसला असता. पण परीक्षा सुरू असताना निविदेची प्रक्रिया चालू होती, आणि सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका पहिल्याच फेरीत या पद्धतीवर टाकल्या गेल्या. एखाद्या छोट्या विद्याशाखेत चाचणी झाली नाही, परीक्षकांच्या प्रशिक्षणाला वेळ मिळाला नाही, जुनी पद्धत राखीव ठेवलेली नव्हती. कायद्याप्रमाणे निकाल ३० दिवसांत, उशिरात उशिरा ४५ दिवसांत लागायला हवेत. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही टळली. शेवटचे निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, परदेशी प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांची धावपळ झाली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

जोखमीची यादी, टप्प्याटप्प्याने अंमल, मागे फिरण्याची सोय हे प्रकल्प व्यवस्थापनाच्या पहिल्या धड्यातले विषय आहेत, आणि समर्थकांसाठी मुंबईचे उदाहरण इथेच पूर्ण होते. शंका घेणारे एक पाऊल पुढे जातात. परीक्षा मंडळ, विद्यापरिषद, व्यवस्थापन परिषद अशी मंडळे असताना एवढा मोठा बदल इतक्या घाईने मंजूर कसा झाला? उत्तम वेळापत्रकही अवेळी घेतलेल्या निर्णयाला वाचवत नाही. ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणाला होता, हा शॅटॉक यांचा प्रश्न मुंबईलाही लागू पडतो.

कोणत्या कामाला कोणती पद्धत

या दोन टोकांमध्ये अलीकडे बरेचजण कामाच्या जातीप्रमाणे भेद करतात. संगणकप्रणाली, इमारत, नवा अभ्यासक्रम लागू करणे, नॅकची फेरी यांना सुरुवात आणि शेवट असतो, ती प्रकल्प म्हणून चालवावीत. अध्यापन, मार्गदर्शन, मूलभूत संशोधन हे प्रवाह आहेत, त्यांना त्या साच्यात घालू नये. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात ही सीमारेषा वेगळ्या ठिकाणी पडते. १९८९ मध्ये डॉ. राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या या विद्यापीठात शिकवण्याचे साहित्यच लेखक, संपादक, मुद्रण आणि अभ्यासकेंद्र अशा साखळीतून सत्र सुरू होण्याआधी विद्यार्थ्याच्या हाती पडायला हवे. तिथे अध्यापनाचा मोठा भाग स्वभावानेच प्रकल्पासारखा आहे. म्हणून हा भेद सरसकट लावता येत नाही, तो विद्यापीठागणिक करावा लागतो.

न सुटलेले

धोरण कोणाचे, हे अजून ठरलेले नाही. कायद्यानुसार बृहत् आराखडा अधिष्ठाता मंडळ करते, तो विद्यापरिषद, व्यवस्थापन परिषद आणि अधिसभा यांतून जातो आणि पुढे राज्याच्या उच्च शिक्षण व विकास आयोगाकडे, म्हणजे ‘माहेड’कडे. एवढ्या हातांतून गेलेल्या कागदाची अंमलबजावणी थकली तर जाब कोणाला विचारायचा? प्रत्यक्षात चर्चा होते ती कोणत्या तालुक्यात कोणत्या विद्याशाखेचे नवे महाविद्यालय या एकाच प्रश्नाची, कारण संस्थाचालकांचा रस तिथे असतो. प्रकल्पांवर नजर ठेवणारा कक्ष कुलगुरूंच्या कार्यालयाला जोडावा तर तो त्यांच्याबरोबर जातो. कुलसचिवांकडे द्यावा तर तो आणखी एक विभाग होतो.

पदांच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंकडे उत्तर नाही. पदमान्यता शासनाच्या हातात आहे, म्हणून विद्यापीठाने कितीही नेटका आराखडा केला तरी त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग त्याच्या वेळापत्रकाबाहेर राहतो. संलग्न महाविद्यालयांचेही तसेच. विद्यापीठाचे बहुसंख्य पदवी विद्यार्थी तिथे शिकतात, आणि प्रकल्प प्रमुखाचा शब्द विद्यापीठाच्या फाटकापाशी संपतो.

पुराव्याची बाजूही लंगडी आहे. प्रकल्पांच्या शिस्तीने विद्यापीठांची धोरणे खरोखर अधिक तडीस जातात का, यावरचे बरेच लेखन एकेका संस्थेच्या कहाणीवर आणि मुलाखतींवर उभे आहे. अशी कहाणी सांगायला यशस्वी संस्था उत्सुक असतात. अपयशाची चौकशी करून ती छापणारी केंब्रिजसारखी संस्था विरळा. आपल्याकडे मागच्या आराखड्यातले काय झाले, काय राहिले आणि का, याचा हिशेब मांडून मग नवा आराखडा हाती घेण्याची प्रथा रुजलेली नाही. सध्याचे बृहत् आराखडे २०२४ ते २०२९ या काळाचे आहेत. मुंबई आणि पुणे या दोन्ही विद्यापीठांच्या कुलगुरूंची नेमणूक जून २०२३ची आहे. त्यांची पाच वर्षे २०२८ मध्ये भरतील, आणि आराखड्याचे शेवटचे वर्ष नव्या माणसाच्या वाट्याला येईल.